आधी बसथांबा ठरवा, मग इमारत पाडा

आमची इमारत पाडून नवी बांधायची, हे आता जवळजवळ ठरलंय. गोव्यात पणजी-म्हापसा रस्त्यावरच्या पर्वरीत हायवेला लागून जुन्या दुकानांची जी रांग आहे, त्यातलीच ही एक. तळमजल्यावर गाळे, वर दोन मजले ऑफिसं आणि क्लास, समोर लांबलचक व्हरांडा. माझं मॅचिंग सेंटर याच व्हरांड्यावर आहे. अस्तर, फॉल, परकराचं कापड, लेस, बटणं, धागे, आणि आतल्या बाजूला पिकोचं मशीन. गेल्या महिन्यात बिल्डरने सगळ्या गाळेधारकांना बोलावून नवा आराखडा दाखवला. पडद्यावर रंगीत चित्रं होती. काचेचं तोंड असलेली उंच इमारत, समोर गाड्यांच्या दोन रांगा, त्या रांगांच्या मागे दुकानं, कडेला चार माडाची झाडं. मी त्या चित्रात बसथांबा शोधत होते. तो कुठेच नव्हता. विचारलं तर त्यांच्या माणसाने अगदी नम्रपणे सांगितलं, "ताई, थांबा हा सरकारचा विषय. आपला प्लॉट जिथे संपतो तिथे आपला विषय संपतो."

त्या बैठकीत हे उत्तर बहुतेकांना पटलं. मला पटलेलं नाही, आणि का पटलं नाही ते नीट मांडावं म्हणून हे लिहितेय.

इमारत पाडायला माझा विरोध नाही, हे आधी सांगते. तिची अवस्था मी रोज बघते. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि समुद्राची खारी हवा बारा महिने असते. स्लॅबमधल्या सळया गंजल्या की फुगतात आणि खालच्या काँक्रीटला ढकलून पाडतात. आमच्या जिन्याखाली अशी ढलपी पडून सळया उघड्या झाल्यात. पावसाळ्यात वरच्या मजल्यावरचं पाणी माझ्या अस्तरांच्या ताग्यांवर येऊ नये म्हणून मी कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवते. दुरुस्ती दोनदा झाली, गिलावा मारला, रंग दिला, पुन्हा तेच. तेव्हा नवी इमारत हवीच. प्रश्न आहे तो तिचं तोंड कुणाकडे करायचं याचा.

माझ्या दुकानात कोण येतं? सचिवालयात काम करणाऱ्या बायका, शाळांतल्या बाई, पिळर्ण, साल्वादोर दो मुंद, ब्रिटोनाकडच्या गृहिणी, शिवणकाम करून घर चालवणाऱ्या मुली, आणि शुक्रवारी म्हापशाचा बाजार करून पिशव्या घेऊन परतणाऱ्या म्हाताऱ्या. बऱ्याच जणी स्कूटरने येतात, गोव्यातल्या बायकांना स्कूटर चालवायला कुणी शिकवावं लागत नाही. पण जवळपास तितक्याच बसने येतात. आणि माझा धंदा असा आहे की एका कामासाठी बाई दोनदा येते. आज साडी फॉल-पिकोला द्यायची, परवा घ्यायला यायचं. थांब्यापासून दुकान दोन मिनिटांवर असेल तर ती बस सोडून उतरते, साडी घेते आणि मागच्या बसने पुढे जाते. तेच अंतर उन्हातून, गटारावरच्या फरशा चुकवत दहा मिनिटांचं झालं की ती म्हणते, राहू दे, म्हापशालाच टाकते. गणेश चवथीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस हे आमचे वर्षाचे दिवस. हायवेवरच्या उड्डाणपुलाच्या कामात थांबे मागे-पुढे सरकल्यापासून त्या दिवसांतही ओळखीचे चेहरे कमी दिसतात. बाया मेलेल्या नाहीत की साड्या नेसायच्या थांबल्या नाहीत. त्या दुसरीकडे उतरतात.

मॅचिंगच्या धंद्यात आणखी एक गोष्ट आहे, जी आराखडा काढणाऱ्याच्या डोक्यात येणं कठीण. गिऱ्हाईक ब्लाउजपीस काढून देतं, मी कपाटातून अस्तराचे तीन-चार तागे काढते. आत ट्यूबखाली ते सगळे सारखेच दिसतात. मग आम्ही दोघी व्हरांड्याच्या कडेला येतो, जिथे बाहेरचा उजेड पडतो. तिथे कापडाची घडी अस्तरावर ठेवायची, बोटाने एक टोक उचलून खालचा रंग बघायचा. आत जो मोरपंखी एक वाटला तो इथे एकात हिरव्याकडे गेलेला असतो, दुसऱ्यात निळ्याकडे. डाळिंबी आणि मरून तर ट्यूबखाली कुणालाच ओळखता येत नाहीत. कृत्रिम दिव्यात काही रंग जुळल्यासारखे दिसतात आणि उजेडात वेगळे पडतात, कारण दोन्ही कापडांना दिलेले रंग निराळे असतात. नवीन मुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. कात्री लावायच्या आधी व्हरांड्यात या. तो व्हरांडा माझ्यासाठी दुकानाचाच भाग आहे, कागदावर तो कुणाच्याच नावावर नसला तरी.

आणि कागदावर तो नसणं हेच त्याच्या मुळावर आलंय. रेराच्या, म्हणजे घरं-गाळ्यांच्या विक्रीवरच्या कायद्यात कार्पेट एरिया म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, बाहेरच्या भिंती, बाल्कनी, व्हरांडा त्यात धरत नाहीत. कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूचा आहे, फुगवलेले चौरस मीटर दाखवून कुणी फसवू नये म्हणून तो आला, आणि ते चांगलंच झालं. पण त्याचा परिणाम असा की व्हरांड्याचे चौरस मीटर विकता येत नाहीत. आणि जे विकता येत नाही ते आराखड्यातून पहिलं गळतं. आमच्या नव्या चित्रात व्हरांडा गेला, त्या जागी गाड्या आल्या.

सासरे सांगायचे त्यावरून मला कळतं की हा धंदा उभाच राहिला तो रस्त्यावरच्या पायी माणसांमुळे. 5 जुलै 1986 रोजी आम्हाला पणजीशी जोडणारा मांडवीवरचा पूल कोसळला. त्यानंतर नवा पूल 1992 मध्ये सुरू होईपर्यंत पलीकडे जायचं म्हणजे बेतीला उतरून फेरीबोट. त्या वर्षांत आमच्या बार्देश तालुक्यातल्या माणसाला रिळासाठी, बटणांसाठी पणजीला जाणं परवडेना. वेळ जायचा, रांग लागायची. सासऱ्यांनी तेव्हा नव्याच बांधलेल्या या इमारतीत गाळा घेतला. बेतीहून चढ चढून आलेली बस पठारावर पहिली थांबायची ती इथेच कुठेतरी. लोक उतरायचे, सामान घ्यायचे, पुढच्या बसची वाट बघत व्हरांड्यात उभे राहायचे. शेजारचे टेलर मास्तर, पलीकडचं स्टेशनरीचं दुकान, कोपऱ्यावरचा पोदेर म्हणजे पाववाला, सगळ्यांचं गणित तेच होतं. त्याआधी 1983 साली राष्ट्रकुल देशांचे प्रमुख आग्वादला आले होते, तेव्हा कळंगुटकडे जाणारा चोगम रोड सजला, आणि त्या फाट्यामुळेही पर्वरीला वर्दळ आली. मग 2000 साली विधानसभा संकुल इथे उभं राहिलं, सचिवालय आलं. पंचायतींचं गाव बघता बघता राजधानीचा शेजार झालं.

पंचायतींचं म्हणते कारण अजूनही पर्वरीला नगरपालिका नाही. सुकूर, पेन्ह द फ्रान्स, साल्वादोर दो मुंद, अशा पंचायतींमध्ये ही वस्ती वाटलेली आहे. एका बाजूच्या दुकानदाराची पंचायत वेगळी, रस्ता ओलांडून समोरच्याची वेगळी असंही होतं. मॉल आहे, बँकांच्या शाखांची रांग आहे, टॉवर आहेत, पण फूटपाथ एका इमारतीसमोर आहे आणि दुसरीसमोर नाही. कारण फूटपाथ ज्याने त्याने आपापल्या प्लॉटपुरता बांधला किंवा बांधला नाही.

आता उड्डाणपूल. राष्ट्रीय महामार्ग 66 वर पर्वरीतून जाणारा सहा पदरी उन्नत मार्ग, लांबी पाच किलोमीटरच्या वर. तो का हवा हे ज्याने सकाळी नऊला म्हापशाहून पणजी गाठायचा प्रयत्न केलाय त्याला सांगायला नको. या कामासाठी खाप्रेश्वराचा जुना वड उपटून दुसरीकडे नेला, देवाचं स्थान हलवलं, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते. त्यांचं दुःख मला कळतं, मीही तिथे हात जोडून पुढे जाणारी. थांबे हलले तेव्हा मात्र कुणी काही बोललं नाही, मीही नाही. थांब्याला देऊळ नसतं. पण संध्याकाळी पाचला त्या थांब्यावर उभी राहणारी माणसंही पर्वरीचीच होती.

पूल झाला की काय होईल? वरून जाणारा वरून जाईल. मांडवीवरच्या अटल सेतूवरून जाणाऱ्याला जशी खालची पणजी लागत नाही, तशी वरून जाणाऱ्याला पर्वरी लागणार नाही. कदंबची, म्हणजे आमच्या सरकारी बस महामंडळाची, पणजी-म्हापसा शटल तर आजही मध्ये थांबत नाही, खिडकीवर तिकीट घेऊन बसायचं ते थेट म्हापशालाच उतरायचं. ती वर गेली तरी आमचं काही जात नाही. आमचा जीव आहे तो खालून जाणाऱ्या, दर थांब्याला थांबणाऱ्या बसमध्ये. कंडक्टर दारात लोंबकळत "म्हापशें, म्हापशें, म्हापशें" ओरडतो ती बस. तिच्यावर कुणी प्रेमाने लिहीत नाही. ती भरेपर्यंत थांबते, भरली की सुसाट सुटते, संध्याकाळी आठनंतर शोधावी लागते. पण पर्वरीच्या दुकानांची अर्धी गिऱ्हाइकं तीच आणते.

या बसवाल्यांचं एक वैशिष्ट्य आहे. त्यांचं उत्पन्न तिकिटांवर असल्यामुळे हात दाखवला की ते कुठेही थांबतात. याचा त्रास मागच्या गाड्यांना होतो हे खरं, पण त्यामुळेच आजवर आम्हाला थांबा कुठे आहे याची फारशी पर्वा करावी लागली नाही. व्हरांड्यासमोर हात केला, बस थांबली. आता हे बदलतंय. म्हजी बस योजनेत खाजगी बसमालकाने कदंबच्या व्यवस्थेखाली बस चालवायची आणि किलोमीटरच्या हिशोबाने पैसे घ्यायचे, अशी कल्पना आहे. पणजी शहरात विजेवरच्या बस आल्या आहेत, त्या ठरल्या थांब्यावरच थांबतात. मला हा बदल चांगला वाटतो. शर्यती थांबतील, दारात लोंबकळणं थांबेल. पण ज्या दिवशी बस ठरल्या थांब्यावरच थांबू लागेल, त्या दिवसापासून थांबा कुठे आहे हा प्रश्न दुकानदाराच्या पोटाचा होतो. तो पन्नास मीटर पुढे गेला काय, पाचशे मीटर पुढे गेला काय, आराखड्यात फरक दिसत नाही. गल्ल्यात दिसतो.

म्हणून मी बिल्डरच्या माणसाला म्हटलं, आपला प्लॉट संपतो तिथेच आपला धंदा सुरू होतो.

त्यांचा मुद्दा गाड्यांचा होता. आजकाल लोक गाडीने येतात, समोर पार्किंग दिसलं नाही तर मॉलला जातात. गोव्यात माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्यात हे सगळेच म्हणतात आणि आकडेही तेच सांगतात. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या वर होती, नोंदलेली वाहनं त्याहून पुढे गेलीत. पण म्हणून समोर उभी असलेली गाडी गिऱ्हाइकाची असते असं नाही. एक सकाळ मी आणि स्टेशनरीवाल्यांची मुलगी वही घेऊन बसलो, कुठली गाडी कधी आली, कोण उतरलं, कधी गेली. बहुतेक गाड्या नऊच्या सुमाराला लागल्या आणि दुपारपर्यंत हलल्याच नाहीत. त्यातल्या काही वरच्या ऑफिसांतल्या लोकांच्या होत्या, काही आमच्याच दुकानदारांच्या. दोघे-तिघे तर गाडी इथे लावून पणजीची बस पकडून गेले, कारण पणजीत लावायला जागा मिळत नाही. खरेदीला आलेली गाडी आली ती दहा-पंधरा मिनिटांत गेली, आणि तिला जागा मिळाली नाही ती या दिवसभर उभ्या असलेल्या गाड्यांमुळेच. तेव्हा दिवसभराच्या गाड्या तळघरात किंवा मागे न्या, समोर थोड्या वेळापुरत्या लावायला मोजक्या जागा ठेवा, स्कूटरना एक छप्पर द्या. स्कूटरला गाडीच्या मानाने जागा लागते ती किती! उरलेली समोरची पट्टी चालणाऱ्यांना परत करा.

त्या पट्टीत फक्त चालणारे नसतात. अबोलीचे वळेसर आणि जायांच्या फाती, म्हणजे वेण्या-गजरे घेऊन बसणारी बाई आहे, ती माझ्या पायरीला टेकून बसते आणि दुपारी तिच्या फुलांवर मीच पाणी शिंपडते. संध्याकाळी रस ऑम्लेटचा गाडो लागतो, बसमधून उतरलेली पोरं तिथे खाऊन घरी जातात. आणि पायलट आहेत. पिवळ्या-काळ्या मोटरसायकली घेऊन थांब्याजवळ उभे राहणारे. बस हायवेवर सोडते, आत वाड्यावर पोचवतो तो पायलट. पिळर्णला किंवा साल्वादोर दो मुंदच्या उतारावर राहणाऱ्या माणसाची बस त्याच्याशिवाय पुरी होत नाही. आज ते एका वाळलेल्या झाडाखाली उभे असतात. नव्या आराखड्यात त्यांच्यासाठी चार मोटरसायकलींची जागा आणि एक छप्पर मागितलं, तर बैठकीत दोघे-तिघे हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. रिक्षा स्टँड असतो, टॅक्सी स्टँड असतो, मग पायलटांचा का नको?

रस्ता ओलांडण्याबद्दल कुणीच बोललं नाही. बसने येणाऱ्या प्रत्येकाला हा रस्ता एकदा तरी ओलांडावाच लागतो. पणजीकडून आलेला उतरतो समोर, म्हापशाकडून आलेला उतरतो इकडे, आणि परत जाताना नेमकं उलटं. म्हणजे माझं अर्धं गिऱ्हाईक हातात पिशव्या घेऊन रस्ता पार करूनच येतं किंवा जातं. उड्डाणपूल झाल्यावर वेगाने जाणाऱ्या गाड्या वर जातील, खाली खांबांच्या मधून जमिनीवरूनच ओलांडायची सोय करता येईल. झेब्रा पट्टे आणि सिग्नल, तेही थांब्याला लागून. लोखंडी पादचारी पूल नको. गुडघे दुखणारी बाई चाळीस पायऱ्या चढून पलीकडे जात नाही, ती खालून पळते. नाहीतर येतच नाही.

आणि पातळी. हा विषय रटाळ वाटेल पण इमारत आणि रस्ता यांचं भांडण सगळ्यात जास्त इथेच होतं. आमच्या इमारतीच्या जन्मानंतर रस्त्यावर थरावर थर पडत गेले. पूर्वी व्हरांड्यावर चढायला तीन पायऱ्या होत्या, आता एक उरलीय, आणि मोठ्या पावसात रस्त्यावरचं पाणी व्हरांड्यात येतं. बिल्डरने यावर उपाय काढला आहे, नवं जोतं भरपूर उंच. म्हणजे पाणी येणार नाही, पण दुकानात यायला सहा-सात पायऱ्या. मग त्या पायऱ्यांना फिरवून रॅम्प, तो गाड्यांच्या मागून. हे असं प्रत्येक इमारतीने आपापलं केलं की काय होतं ते बघायचं असेल तर हायवेच्या कडेने चालून बघा. इथे चढ, तिथे उतार, मग उघडं गटार, मग कुणाचा तरी रॅम्प थेट रस्त्यापर्यंत आलेला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक नियमांत पादचारी मार्गाची चालायची रुंदी किमान 1.8 मीटर आणि कडेची उंची 150 मिलीमीटरपेक्षा जास्त नको असं दिलेलं आहे, आणि बाजारपेठेत रुंदी याहून जास्त हवी. हे काही परदेशातलं स्वप्न नाही, आपल्याच देशातलं पुस्तक आहे. सर्व्हिस रोडची शेवटची पातळी आणि गटाराचा उतार आधी कळला, तर जोतं त्याच्या हिशोबाने ठेवता येईल आणि व्हरांडा फूटपाथला सपाट जोडता येईल. म्हणून उड्डाणपुलाचं काम चालू आहे तेव्हाच हे बोलायला हवं. डांबर पडून गेल्यावर बोलण्यात अर्थ नाही.

कुणाशी बोलायचं, हा खरा गुंता आहे. महामार्गाचं काम सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडून चालतं. बसमार्ग आणि थांबे वाहतूक खात्याच्या अखत्यारीत, बस चालवणार कदंब आणि खाजगी मालक. इमारतीच्या आराखड्याला मंजुरी नगर आणि ग्राम नियोजन खात्याची, बांधकाम परवाना पंचायतीचा. निवाऱ्याची शेड कुणाच्या तरी निधीतून येते आणि जिथे जागा मोकळी मिळेल तिथे उभी राहते. मी यातल्या दोन ठिकाणी जाऊन आले. दोन्हीकडे माणसं चांगली बोलली, खुर्ची दिली, ऐकून घेतलं, आणि दुसरीकडे जायला सांगितलं. त्यांचंही चुकतं असं नाही, प्रत्येकाचा नकाशा त्याच्या हद्दीवर संपतो. सगळे नकाशे एका टेबलावर ठेवायचं काम कुणालाच दिलेलं नाही. उड्डाणपुलाच्या दोन्ही बाजूंच्या जुन्या इमारती पुढच्या काही वर्षांत एकामागून एक पाडल्या जाणार, हे डोळ्यांना दिसतंय. प्रत्येक इमारत स्वतंत्रपणे उठली तर पुढची चाळीस वर्षं हीच तुटक रांग राहणार, फक्त काचेची.

आम्ही जो उपाय सुचवतोय तो साधा आहे. प्रत्येक नव्या इमारतीने तळमजला थोडा मागे घ्यावा आणि वरचे मजले खांबांवर पुढे यावेत. खाली सलग, छपराखालचा रस्ता तयार होईल, एका इमारतीतून दुसरीच्या समोर, पाऊस न लागता. आमच्याकडे जून ते सप्टेंबर छत्रीसुद्धा पुरत नाही, त्यामुळे छप्पर ही चैन नाही. त्याबदल्यात सरकारने इमारतीला वर काही चटईक्षेत्र वाढवून द्यावं, असा नियम करता येईल. थांब्यासाठी बस आत वळून थांबेल एवढी खाच सर्व्हिस रोडला हवी, आणि तिच्यासमोर दुकानं उघडी हवीत, भिंत नको. रात्री थांब्यावर एकटी उभी असलेली मुलगी दुकानांच्या उजेडात असते तेव्हा तिला आणि तिच्या आईला बरं वाटतं. आमच्याकडच्या मशीनवर बसणारी मुलगी संध्याकाळी सातची बस चुकली तर अजून आमच्याच दारात थांबते.

एक गोष्ट भाडेकरूंची. आमच्या इमारतीत काही गाळे मालकीचे, काही 1968 च्या भाडेनियंत्रण कायद्याखालचे जुने भाडेकरू. टेलर मास्तर त्यातले. मालकीवाल्यांना नव्या इमारतीत जागा मिळेल, त्यावर वाद आहेत ते मीटरचे. मास्तरांचं काय, यावर बैठकीत गप्प बसणं झालं. त्यांच्याशिवाय माझं मॅचिंगचं दुकान अर्धं आहे. अस्तर माझ्याकडून घ्यायचं, ब्लाउज त्यांच्याकडे टाकायचा, पिको पुन्हा माझ्याकडे. बाई एका बसमधून उतरून तीन कामं करते ती आम्ही एकमेकांच्या शेजारी आहोत म्हणून. मास्तरांना आतल्या गल्लीत टाकलं तर माझं गिऱ्हाईकही त्यांच्याबरोबर जाईल. बांधकामाच्या काळात सगळ्यांना भाडं देऊन कुठेतरी पाठवायचा जो बेत आहे, त्यातही हीच अडचण. मागे मोकळा तुकडा आहे, तिथे तात्पुरत्या शेड घालून सगळ्यांना एकत्र ठेवा, थांब्यापर्यंत जायला एक फरशीची वाट द्या, अशी आमची मागणी आहे. लेखी, करारात, मास्तरांच्या नावासकट.

आतापर्यंत आमच्या इमारतीतल्या बहुतेक गाळेधारकांनी पत्रावर सही केलीय. सुरुवातीला हसले त्यातल्या दोघांनीही केली. शेजारच्या दोन इमारतींतल्या दुकानदारांशी बोलणं चालू आहे, कारण सलग छप्पर एकट्या इमारतीला करता येत नाही. बिल्डरने आराखड्यात बदल करून दाखवायचं मान्य केलंय, गाड्यांची एक रांग काढायला तो तयार आहे, दोन्ही काढायला नाही. जोत्याच्या उंचीबद्दल तो म्हणतो, रस्त्याची पातळी लेखी मिळाली तर बघू. ती मागणारा अर्ज आम्ही बांधकाम खात्याला दिला आहे.

येत्या ग्रामसभेत हा विषय मांडायचा आहे आणि तिथे "लोक बसने येतात" एवढं म्हणून चालणार नाही. तुम्ही पर्वरीत बसने उतरत असाल, मग सचिवालयात जायला, क्लासला, बँकेत की माझ्याकडे अस्तर घ्यायला, तर दुकानात एक वही ठेवलीय. कुठून येता, कुठे उतरता, रस्ता कुठे ओलांडता, किती वाजताची बस, तेवढं लिहून जा. काही घ्यायलाच पाहिजे असं नाही. रविवारी दुकान बंद असतं, बाकी रोज साडेनऊ ते सात.